उत्तरेची बाजू

अबुधाबीच्या जुन्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, लोकरीचं एक दुकान होतं. ऐन जुलैत तिथे गिऱ्हाईक असण्याचं काही कारण नव्हतं, पण १९९३च्या जुलैत एका दुपारी दोन जणी एकदम हजर होत्या. एक माझी आई, कुंदा. तिला पडद्यांना लावायला गोंडे करायचे होते. दुसरी एक उंच इंग्रज बाई. चष्मा कपाळावर चढवून ती लाल लोकरीच्या दोन गुंड्या दाराच्या उजेडाकडे धरून पाहत होती.

"धिस नो रेड," आई तिला न विचारता म्हणाली. "धिस वीट. ब्रिक. वेट." आणि मागच्या फळीवरून तिसरीच गुंडी काढून तिच्या हातात ठेवली.

बाईने ती गुंडी पाहिली, मग आईकडे पाहिलं आणि हसली. दुकानदार अलीमियाँ गल्ल्यामागून म्हणाला, "जुलाई में ऊन के दो कस्टमर! बहनजी, पंखा तेज करूँ या डॉक्टर को बुलाऊँ?"

ही बाई म्हणजे ऑड्री. नवरा तेल कंपनीत इंजिनिअर, घर खालिदियातल्या एका व्हिलात. आईने तिला त्याच दिवशी चहाला घरी आणलं. आमचं घर इलेक्ट्रा स्ट्रीटवर, बाबांच्या कंपनीने दिलेलं. समोरच्या दारात हैदराबादची हाफिजाआपा राहायची. आमच्याकडे नवीन माणूस शिरलं की तिच्या घरातली साखर संपायची. त्या दिवशीही संपली. मी सुट्टीतली शिकवणी संपवून आले तेव्हा तिघी चहा पीत बसल्या होत्या. आईचं इंग्रजी, ऑड्रीचं हिंदी आणि आपाचं दखनी यांत जे अडलं होतं ते सोडवायला मला लगेच बसवण्यात आलं. मी शाळेत इंग्रजी शिकवायचे, म्हणून.

ऑड्रीने पर्समधून एक फोटो काढला.

"माझं गाव. लिटल वेन्सबी."

चाळीसेक घरं, एक गुत्ता, बंद पडलेलं पोस्ट ऑफिस, चढावर मेंढ्या. या सगळ्याच्या मध्ये चकमकीच्या दगडांचं बुटकं चर्च, त्याला चौकोनी मनोरा आणि शेजारी एक काळपट, पसरलेलं झाड. अशी गावं मी पुस्तकांतून इतकी वाचली होती की फोटो पाहताना मला ओळखीचं काही भेटल्यासारखं वाटलं. आईने असं काहीच वाचलेलं नव्हतं. तिने फोटो मांडीवर घेतला आणि विचारलं, "किती वर्षांचं?"

"मनोरा आठशे वर्षांचा. बाकीचं जरा नवं आहे. सहाशे."

आईने फोटो डोळ्यांजवळ नेला. तेव्हा ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती, आणि एक किल्ला सोडला तर तिच्या वयाची इमारत अबुधाबीत शोधून सापडली नसती. आमचीच इमारत जुनी झाली म्हणून पाडायचं चाललं होतं. ती माझ्याहून लहान होती.

"झाडतं कोण?" आईने विचारलं.

मी भाषांतर केलं. ऑड्रीला प्रश्न फार आवडला. "पाळ्या लावलेल्या असतात. या आठवड्यात एका घराची, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची."

"आमच्या गावासारखंच की. कुलूप?"

"दिवसा नसतं."

"आणि माणसं किती येतात?"

"नाताळात भरतं. एरवी रविवारी…" ऑड्रीने मनाशी घरं मोजली. "दहा. अकरा."

आईने फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "अकरा माणसांसाठी आठशे वर्षं उभं आहे," ती म्हणाली. हे मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. तिच्या आवाजावरून ऑड्रीला कळलं असावं.

मग लोकरीचा विषय निघाला. त्या चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकायचे तर थंडगार फरशी लागते, म्हणून प्रत्येक बाकाशी छोट्या चौकोनी गाद्या ठेवतात. गावातल्या प्रत्येक घराने एकेक गादी कॅनव्हासवर लोकरीने भरून दिलेली. बायका वर्ष वर्ष एकेक गादी भरत बसतात. ऑड्रीच्या घराची तेवढी राहिली होती. तिच्या बोटांची पेरं सुजून वाकडी झाली होती, सुई धरवत नव्हती.

"तू करशील?" तिने आईला विचारलं. "मधोमध चर्चचं चित्र, खाली गावाचं नाव. बाकी तुझ्या मनाने."

आईने मान हलवली. "नाही."

मला अवघडल्यासारखं झालं. "आई, अगं—"

"देवळाचं चित्र काढायचं आणि त्यावर गुडघे टेकायचे? आणि अक्षरांवर? सांग तिला, वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. पण माझ्या हाताने होणार नाही."

मी सांगितलं. ऑड्री गोंधळली. इतक्या वर्षांत गावात कोणाला हा प्रश्न पडला नव्हता. आपाने मध्ये तोंड घातलं. "हमारे जानमाज पे, नमाज की चटाई पे, तो काबे शरीफ का नक्शा रहता. मगर उदर सर टेकते जी, पाँव नै रखते. कुंदाबाई सही बोल्री."

"पण मग गुडघ्याखाली काय चालेल?" ऑड्रीने विचारलं. ती खरोखरच विचारत होती.

आई विचार करत राहिली, चहा निवला. मग म्हणाली, "जमीन. गुडघ्याखाली जमीनच असते. वरचा भाग सारवलेल्या जमिनीच्या रंगाचा, कोरा. आणि तुझं चर्च चार बाजूंना. पूर्वेची भिंत पूर्वेला, दक्षिणेची दक्षिणेला. कोणाचा पाय लागणार नाही."

ऑड्रीने डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि मोठ्याने हसली. "कुंडा, म्हणजे तू माझं चर्च जमिनीखाली पुरणार!"

"आठशे वर्षांचं आहे," आई म्हणाली. "काही होत नाही त्याला."

*

काम तीन वर्षं चाललं. ऑड्री वर्षातून एकदा सुट्टीला गावी जायची आणि एका बाजूचे फोटो घेऊन यायची. आईला एकच फोटो पुरत नसे. खिडकीच्या कमानीचा जवळून हवा, भिंतीत तडा आहे का, असला तर त्याचा हवा. पूर्वेची बाजू आधी झाली. तिकडे मोठी खिडकी होती आणि आत वेदी. "देव पूर्वेला. बरोबर आहे," आईने शेरा दिला. मग दक्षिण, जिथे दार होतं आणि दारावर लाकडी पडवी. मग पश्चिमेचा मनोरा.

कॅनव्हास उलगडला की अधिकच्या चिन्हासारखा दिसायचा, मध्ये चौकोन आणि चार बाजूंना चार पट्ट्या. सगळं भरून झालं की पट्ट्या खाली दुमडून कोपरे शिवायचे आणि आत गादी भरायची. मधला चौकोन आईने सगळ्यात आधी भरून टाकला. एकच तपकिरी, पण तिरका उजेड पडला की त्यात हात फिरवल्याच्या खुणा दिसत, सारवताना उमटतात तशा. हे टाक्याची दिशा बदलून साधलं होतं. भिंतीचे दगड भरताना ती राखाडी, निळा आणि एखादा मातकट असे दोरे एकाच सुईत ओवायची. जवळून नुसती गिचमीड दिसे. मी एकदा सोफ्यावरून उठून दाराशी गेले आणि सहज मागे वळून पाहिलं, तर आईच्या मांडीवर पावसात भिजलेली दगडी भिंत होती. मी तिथेच उभी राहिले.

"काय गं?" आईने मान वर न करता विचारलं.

"काही नाही."

मी त्या वेळी पाहिलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आईने इंग्लंड पाहिलं नव्हतं. तिथला पाऊस, तिथला दगड तिने कधी हाताळला नव्हता. आणि तरी तो तिथे होता, खिडकीबाहेर त्रेचाळीस डिग्री असताना, ओला.

उत्तरेची बाजू मात्र येईना. पहिल्या वर्षी ऑड्रीचा रोल संपला. दुसऱ्या वर्षी पाऊस होता आणि तिकडे खाजकुइलीसारखं काही माजलं होतं.

"एक फोटो काढायला काय होतं?" मी आईला म्हटलं. "नाहीतर सरळ भिंत भरून टाक. कोण बघायला जातंय?"

"मी जाते ना रोज," आई म्हणाली. "पूर्वेकडून निघते, दारावरून जाते, मनोऱ्याला वळसा घालते आणि तिथे अडते. प्रदक्षिणा अर्धी टाकून कोणी परत येतं का?" थोड्या वेळाने सुईत दोरा ओवत ती हळूच म्हणाली, "ती त्या बाजूला जात नाही. तू विचारू नकोस हं."

९६च्या डिसेंबरात ऑड्री नाताळसाठी गावी गेली. निघताना आईने तिला जिन्यापर्यंत पोचवलं. त्या दोघी तिथे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

*

आई जानेवारीत गेली. रमझान चालू होता. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि हॉस्पिटलच्या दारात गाडीतच गेली. दुबईच्या स्मशानात बाबांनी अग्नी दिला. हाफिजाआपा सुतकात आमची चूल पेटू देईना. दिवसभर रोजा असून आमच्यासाठी वरणभात करून आणायची, आणि मीठ चाखता येत नाही म्हणून दारातूनच ओरडायची, "नमक कम है तो लड़ना नक्को, ऊपर से डाल लेव!"

कंपनीचा माणूस येऊन आईचा पासपोर्ट घेऊन गेला. व्हिसा रद्द करायचा असतो. माणूस गेलं तरी करायचा असतो. पासपोर्ट शिक्का मारून परत आला. बाबा म्हणाले, "वीस वर्षं राहिली इथे," आणि तो कपाटात ठेवला. इमारतीला तोवर नोटीस लागली होती. उन्हाळ्याआधी सगळ्यांनी जागा सोडायची होती. तिच्या स्वयंपाकघराची भिंत, तिने खिडकीत लावलेला कढीपत्ता, जिन्याच्या कठड्याचा तिचा हात लागून गुळगुळीत झालेला भाग, यातलं काहीच राहणार नव्हतं. अस्थी बाबा कोकणात नदीत सोडून आले. जगात तिचा म्हणून दाखवावा असा माझ्याकडे तो कॅनव्हास होता. तीन बाजू भरलेल्या, चौथी कोरी. मी तो उशीच्या अभ्र्यात घालून माझ्या कपाटात ठेवला.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी जिन्यातून हाक आली. "कुंडा! मिळाला! आय हॅव गॉट इट!"

लिफ्ट बंद होती. ऑड्री त्याच दिवशी गावाहून परतली होती; धापा टाकत वर आली ती हातात पाकीट धरून. दार बाबांनी उघडलं. ते नुसते बाजूला झाले. भिंतीवर आईच्या फोटोला हार होता. ऑड्रीने तो पाहिला. इतक्या वर्षांत आमच्या घरी येऊन हाराचा अर्थ तिला ठाऊक झाला होता. ती तशीच, कोट अंगात ठेवून, सोफ्याच्या कडेला बसली आणि पाकीट तिने पर्समध्ये परत ठेवलं.

मी तिला पाणी दिलं. पेला खाली ठेवून ती म्हणाली, "आम्ही एप्रिलमध्ये कायमचे परत चाललो आहोत. मी तिला सांगायला आले होते." मग आणखी हळू, "केया, ती गादी… आहे तशीच मी नेईन. तीन बाजू चालतील. कोणी काही म्हणणार नाही."

"नाही," मी म्हटलं.

माझा आवाज मला हवा त्याहून कडक आला. ऑड्रीने मान डोलावली आणि ती गेली.

बाबा रात्री जेवताना म्हणाले, "बाळ, ती वस्तू आपली नाही. तिने शब्द दिला होता."

"तिने दिला होता. मी नाही."

"तू कपाटात ठेवून काय करणार?"

"ठेवणार," मी म्हटलं. त्यांनी पुढे ताक वाढून घेतलं आणि विषय सोडला.

*

मार्चच्या सुरुवातीला ऑड्री पुन्हा आली. या वेळी तिने आधी फोन केला. मी मनाशी सगळी उत्तरं तयार करून बसले होते. तिने गादीचं नावही काढलं नाही. पाकिटातला फोटो काढून चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"हा तुझ्या आईचा आहे," ती म्हणाली. "माझ्याकडे ठेवणं बरोबर नाही."

चर्चची उत्तरेची भिंत. तिला खिडकी जवळजवळ नव्हती, एक छोटं दार होतं, तेही दगडांनी चिणलेलं. समोर जमिनीचा उंचसखल तुकडा, त्यावर दवाचा बर्फ झालेला. बाकीच्या तिन्ही बाजूंना थडगी होती, शिळा होत्या. इथे एकही नव्हती.

"इथे कोणी नाही?" मी विचारलं.

"आहेत. खूप. जुन्या काळी उत्तरेची बाजू अपशकुनी समजत. गावाबाहेरचा कोणी वाटेत मेला, कोणी जीव दिला, मूल बाप्तिस्म्याआधी गेलं, की त्यांना इथे पुरत. दगड लावायचा नाही." तिची वाकडी बोटं फोटोच्या कडेवर होती. "माझी पहिली मुलगी इथे आहे. एकसष्ट साली. एक दुपार जगली. तेव्हा असलं मानत नव्हते फारसं, पण आमचे पाद्री म्हातारे, जुन्या वळणाचे होते. त्यांना विचारायचं बळ माझ्यात नव्हतं. माझ्या वडिलांनी नेलं तिला. नेमकं कुठे ते मी विचारलं नाही, आणि नंतर ते गेले."

पंख्याचा आवाज येत होता. मी तिचा कप तिच्या हाताजवळ सरकवला.

"मी त्या चर्चमध्ये लहानाची मोठी झाले. लग्न तिथे झालं. छत्तीस वर्षं मी दक्षिणेच्या दाराने आत जाते आणि त्याच दाराने बाहेर येते. नवऱ्याशीही यावर कधी बोलले नाही. तुझी आई दर वर्षी विचारायची, 'नॉर्थ?' एवढंच. डिसेंबरात जिन्यात मला म्हणाली, 'यू गो. आय कम विथ यू.' मी म्हटलं, कशी येणार? तर म्हणाली, 'आय कम.'"

ऑड्री जरा हसली. "नाताळच्या सकाळी सगळे आत होते. मी पूर्वेच्या खिडकीपासून चालायला लागले, कारण तिने भरलंय ते त्याच क्रमाने. दार, मनोरा, मग वळले. गवत कडक झालं होतं, पायाखाली मोडत होतं. मला वाटलं होतं मी पडेन. पण केया, तिथे इतकं…" तिने हात जरा उघडले. "आतून गाणं ऐकू येत होतं. माझ्या पायाखाली किती शतकांची ती सगळी माणसं, ज्यांना कोणी आत घेतलं नव्हतं, त्यांच्यात माझी मुलगी. आणि भिंत त्यांच्या बाजूनेही तेवढीच उंच होती. तेवढीच नीट बांधलेली. कोणी कधी बघणार नाही अशी भिंत, आणि एकेक दगड निवडून बसवलेला."

मी फोटो उचलला. आईने तो पाहिला असता तर ती काय म्हणाली असती याचा मी विचार करू लागले आणि मला तो करता येईना. ती शब्दांत काही म्हणालीच नसती. तिने राखाडी, निळा आणि मातकट दोरा काढला असता.

"त्या गादीवर कोण बसणार?" मी विचारलं. "म्हणजे, गुडघे कोण टेकणार?"

"गुडघे चालतील तोवर मी. मग जो त्या बाकाशी येईल तो. आमच्याकडे दोनशे वर्षांपूर्वीची वस्त्रं अजून वापरात आहेत. ज्यांनी विणली त्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. आणि जे वापरतील ते अजून जन्मायचे आहेत."

मी आत गेले आणि उशीचा अभ्रा घेऊन आले.

*

मला भरतकाम येत नाही. आईने शिकवायचा प्रयत्न केला होता, दोघींनीही तो मुकाट्याने सोडून दिला होता. पण उत्तरेच्या बाजूला होतं काय, तर गोठलेलं गवत आणि एक साधी भिंत. शाळा सुटली की मी खालिदियाला बस पकडायचे. ऑड्रीच्या घरात खोकी भरली जात होती. आम्ही मधल्या रिकाम्या होत गेलेल्या खोलीत संगमरवरावर बसायचो. ती फोटो धरून रंग सांगायची, मी टाके घालायचे. आपा कधी कधी सोबत यायची आणि माझे टाके बघून उसासे सोडायची.

"तेरी माँ का हाथ रेशम था, तेरा हाथ झाड़ू है," ती म्हणाली. "मगर घास है ना, घास चलती. घास तो अल्ला मियाँ ने भी टेढ़ीच बनाई."

गवत वाकडं आलं. भिंत आईच्या भिंतीला जिथे भिडत होती तिथे सांधा सरळ दिसत होता, कोणालाही दिसेल असा. मी उसवायला लागले तर ऑड्रीने माझा हात धरला. "आमचा मनोरा कुठे थांबतो आणि बाकीचं बांधकाम कुठे सुरू होतं, तेही असंच दिसतं," ती म्हणाली. "दोनशे वर्षांचा फरक आहे."

खालच्या अस्तरावर भरणारीचं नाव घालायचा त्यांचा रिवाज. ऑड्रीने विचारलं, कोणत्या लिपीत घालू या. आई अक्षरांबद्दल काय म्हणाली होती ते मी तिला पुन्हा सांगितलं. खालची बाजू म्हणजे फरशीला टेकणारी. आम्ही नाव घातलं नाही. मुलीचंही नाही. ते काय होतं हे मात्र तिने मला त्या दिवशी सांगितलं, आणि मी ते इथे लिहीत नाही.

शेवटच्या दिवशी कोपरे शिवले. कॅनव्हासच्या पट्ट्या खाली वळल्या आणि तीन वर्षं सपाट पडून असलेल्या चार भिंती एकदम उभ्या राहिल्या. मी गादी हातात फिरवली. पूर्व, दक्षिण, पश्चिम. उत्तर. पुन्हा पूर्व. कुठेच अडलं नाही. मी आणखी एकदा फिरवली.

"बघू," ऑड्री म्हणाली, आणि तिने गादी संगमरवरावर ठेवली. एक हात माझ्या खांद्यावर, एक आपाच्या, असं करत कण्हत ती खाली गेली. तिचे गुडघे आईच्या जमिनीवर टेकले. तिने डोळे मिटले. मी आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तसं जवळून पाहत होते. तिचे ओठ हलत नव्हते. खोलीत खोकी होती, पडदे काढलेल्या खिडकीतून ऊन थेट आत येत होतं, रस्त्यावर टॅक्सी हॉर्न देत होत्या, आणि ती म्हातारी बाई एका जागी इतकी स्थिर होती की मला माझा श्वास मोठा वाटू लागला. मी नकळत हात जोडले होते. आपाने डोक्यावरचा दुपट्टा पुढे ओढला होता.

मग ऑड्रीने एक डोळा उघडला. "आता मला उठता येत नाहीये," ती म्हणाली. "म्हणूनच मी हल्ली बाकावर बसूनच प्रार्थना करते."

"यल्ला, चलो अम्मा!" आपाने तिच्या काखेत हात घातला. "केया, उदर से पकड़!"

दोघींनी ओढून तिला उभं केलं. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. खाली तपकिरी लोकरीत तिच्या गुडघ्यांचे दोन खळगे उमटले होते. आम्ही तिघी बघत असताना ते हळूहळू भरून वर आले, आणि जमीन पुन्हा पहिल्यासारखी झाली.